तळघरात संप पंप बसवताना: पाणी ओळखण्यापासून पहिल्या चाचणीपर्यंत

आमच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा ते दारातून आलं नाही, खिडकीतूनही आलं नाही. भिंत आणि कोबा जिथे भेटतात त्या रेषेतून ते हळूहळू वर आलं आणि सकाळपर्यंत घोटाभर झालं. घाबरून मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पंप विकत घेतला, तोही मिळेल तेवढा मोठा. लहानशा खड्ड्यात तो बसवला. पुढच्या मोठ्या पावसात तो दर काही सेकंदांनी चालू-बंद होत राहिला आणि त्याच रात्री मोटर जळाली. नंतर सगळं उकरून पुन्हा केलं. एक गोष्ट तेव्हा पक्की समजली: पंप ही या कामातली शेवटची खरेदी आहे. पाणी कुठून येतं, किती येतं आणि कुठे जाणार, हे आधी ठरलं पाहिजे.

सुरुवातीलाच एक खुलासा. घराच्या वापराचं पाणी साठवायच्या जमिनीखालच्या टाकीलाही काही ठिकाणी संप म्हणतात. इथे तो अर्थ नाही. इथला संप म्हणजे तळघराच्या सर्वांत खोल जागी केलेला खड्डा. जमिनीतलं पाणी कोब्यापर्यंत चढण्याआधी त्यात उतरतं आणि पंप ते बाहेर फेकतो.

१. आधी पाणी ओळखा

ओल दिसली म्हणजे ते भूजलच असेल असं नाही. चार शक्यता तपासा.

भिंतीवर हातभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. फॉइलची खोलीकडची बाजू ओली झाली तर हवेतलं बाष्प थंड भिंतीवर जमतंय. तिथे पंपाचा उपयोग नाही, वायुवीजन हवं. भिंतीकडची बाजू ओली झाली तर पाणी बाहेरून झिरपतंय.

घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर पाहा. काटा हलत असेल तर कुठेतरी नळ फुटलाय.

पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. छपराच्या पन्हळी तुंबल्यात का? त्यांचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडतंय का? जमिनीचा उतार घराकडे आहे का? हे दुरुस्त करणं खड्डा खणण्यापेक्षा फार सोपं आहे आणि बऱ्याच घरांना तेवढंच पुरतं. पुरलं नाही तरी पंपावरचा ताण नक्की कमी होतो.

आणि पाणी जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडातून उलटं येत असेल, त्याला वास असेल, तर हा लेख त्यासाठी नाही. तिथे सांडपाण्याच्या नळीवर उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह लागतो.

उरलं ते भूजल. जमीन भिजून पातळी वर आली की पाणी कोब्याला खालून ढकलतं. पाण्याची पातळी कोब्याच्या एक मीटर वर असेल तर दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. म्हणून नुसता जलरोधक रंग किंवा सिमेंटचा थर लावून हे पाणी थांबत नाही. एक फट बुजवली की ते दुसरी शोधतं. त्याला खालीच वाट करून द्यावी लागते.

२. काय काय लागेल

- खड्ड्यात बसवायचं प्लॅस्टिकचं पिंप, सुमारे ४५ सेंमी व्यासाचं आणि ६० ते ७५ सेंमी खोल, घट्ट झाकणासह
- पंप आणि फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा स्विच
- पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे प्लंबर ज्याला एनआरव्ही म्हणतात तो
- पंपाच्या तोंडाच्या मापाचा पीव्हीसी पाईप, बेंड, एक युनियन (हाताने उघडता येणारा जोड), क्लॅम्प, सॉल्व्हंट सिमेंट
- धुतलेली खडी, जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), कोबा बुजवण्यासाठी सिमेंट-वाळू-खडी
- ब्रेकर, छन्नी-हातोडा, फावडं, घमेली, पाणसळ, ड्रिल, हॅकसॉ
- डोळ्यांचा चष्मा, जाड हातमोजे, बूट आणि बारीक धूळ अडवणारा मास्क
- पाण्याची सूचना देणारा भोंगा

कागदही थोडे गोळा करा: घराचा बांधकाम नकाशा, सांडपाणी आणि विजेच्या लाइनींचा आराखडा मिळाला तर तो, पंपाची माहितीपुस्तिका आणि पाणी कुठे सोडायचं याबद्दल स्थानिक नियम. विजेचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. बाकीचं धडधाकट माणसांनी दोन दिवसांत करण्यासारखं आहे.

३. खड्ड्याची जागा

सर्वांत खोल जागा डोळ्यांनी कळत नाही. कोब्यावर बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जमतं ते पाहा. तीच जागा योग्य, पण तिथे तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: भिंतीपासून निदान २५-३० सेंमी अंतर, म्हणजे पायाला धक्का लागणार नाही, खांबापासून तर त्याहूनही दूर, आणि बाहेर जाणाऱ्या पाईपसाठी सरळ वाट.

कोबा फोडण्याआधी खाली काय आहे हे कळायलाच हवं. वीज, गॅस, पाणी, सांडपाणी यांपैकी एखादी लाइन खालून गेली असेल तर जागा बदला. जमिनीचा स्लॅब ताण दिलेल्या पोलादी तारांचा, म्हणजे पोस्ट-टेन्शन्ड असेल तर त्याला अजिबात हात लावू नका. अशी तार तुटली तर ती जीवघेण्या जोराने सुटते. नकाशात खात्री होत नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा.

४. खोदाई

पिंप पालथं ठेवून खडूने वर्तुळ काढा आणि त्याच्या बाहेर चहूबाजूंनी १० ते १५ सेंमी जास्त फोडा. ती जागा खडीसाठी लागते. काँक्रीट फोडताना उडणारी धूळ सिलिकाची असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. मास्क लावा आणि फोडताना थोडं थोडं पाणी शिंपडत राहा. फक्त तेव्हा ब्रेकरची वायर कोरड्या जागेतून आणलेली आणि गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचवरची असावी.

खोली पिंपाच्या उंचीपेक्षा १५ सेंमी जास्त खणा. तळाशी खडीचा थर द्या, खड्ड्याला कापडाचं अस्तर लावा, पिंप त्यात बसवा आणि पाणसळ ठेवून काठ कोब्याच्या पातळीला आणा. मग भोवती खडी भरा. हे कापड वगळू नका. ते नसेल तर बारीक माती पाण्याबरोबर आत येत राहते, आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक घमेलंभर मातीची पोकळी तुमच्या कोब्याखाली तयार होते.

इथे मी फसलो होतो. छिद्रं नसलेलं पिंप ओल्या खड्ड्यात रिकामं ठेवलं तर ते नावेसारखं वर उचललं जातं. ४५ सेंमी व्यासाचं आणि ६० सेंमी खोल पिंप पूर्ण बुडालं तर पाणी त्याला सुमारे ९५ किलोच्या जोराने वर ढकलतं. खडी भरून काठावरचं काँक्रीट पक्कं होईपर्यंत पिंपात पाणी भरून ठेवा. पिंपाला बाजूंनी छिद्रं असतील तर पाणी आपोआप आत येतं आणि हा त्रास होत नाही.

५. पाण्याला खड्ड्यापर्यंत आणणं

कोब्याखाली खडीचा थर असेल तर पाणी स्वतःच खड्ड्याकडे वाहतं. जमीन चिकण मातीची असेल आणि पाणी भिंतीच्या कडेने येत असेल तर नुसता खड्डा दूरच्या कोपऱ्याला कोरडं ठेवू शकणार नाही. मग भिंतीच्या आतल्या बाजूने चर खणून त्यात १०० मिमीचा छिद्रांचा पाईप खडीत टाकावा लागतो. उतार मीटरला एक सेंमी द्या. छिद्रं खालच्या बाजूला ठेवा. हे उलटं वाटतं, पण पाणी खालून चढत येतं आणि छिद्रं खाली असली की ते कमी पातळीलाच पाईपात शिरतं. चराची खोली पायाच्या तळाच्या वरच ठेवा. पाया उघडा पडला तर पाणी परवडलं अशी वेळ येईल.

माझा सल्ला असा: आधी खड्डा करा, एक पावसाळी आठवडा जाऊ द्या आणि मग चर लागतो का ते ठरवा.

६. पंपाची निवड: इथे वेळ द्या

जोराचा पाऊस चालू असताना खड्ड्यातलं पाणी उपसून टाका आणि पातळी एका मिनिटात किती सेंमी चढते ते पट्टीने मोजा. ४५ सेंमी व्यासाच्या खड्ड्यात १ सेंमी म्हणजे साधारण १.६ लिटर. समजा मिनिटाला १५ सेंमी चढलं, तर आवक झाली मिनिटाला २४ लिटर. याहून वाईट दिवस येईल असं धरून दुप्पट करा, म्हणजे ५० लिटर.

आता उंची मोजा. खड्ड्यातल्या पाण्याच्या पातळीपासून पाईप जिथे सर्वांत वर जातो तिथपर्यंतची उभी उंची घ्या आणि पाईप व बेंडमधल्या घर्षणासाठी त्यात थोडी भर घाला. याला हेड म्हणतात. समजा ते साडेतीन मीटर आलं. तुम्हाला हवा असलेला पंप म्हणजे साडेतीन मीटर हेडला मिनिटाला निदान ५० लिटर देणारा पंप.

खोक्यावरचे आकडे इथे चकवतात. त्यावर कमाल प्रवाह आणि कमाल हेड असे दोन मोठे आकडे असतात, पण ते एकाच वेळी मिळत नाहीत. कमाल प्रवाह शून्य उंचीला असतो, आणि कमाल हेडला प्रवाह शून्य असतो. पुस्तिकेतला आलेख मागून घ्या आणि तुमच्या उंचीसमोर किती लिटर लिहिलेत ते वाचा.

मग जास्त ताकदीचाच का घेऊ नये? माझ्या जळालेल्या मोटरचं कारण तेच होतं. समजा फ्लोटच्या चालू आणि बंद पातळीत २० सेंमीचं अंतर आहे, म्हणजे ३२ लिटर पाणी, आणि आवक मिनिटाला २० लिटर आहे. मिनिटाला १०० लिटर उपसणारा पंप सुमारे २४ सेकंद चालेल. ३०० लिटर उपसणारा पंप ७ सेकंदांत बंद होईल. मोटर चालू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते आणि तापते. ही तापण्याची क्रिया रात्रभर शेकडो वेळा झाली की वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, टिकत नाही. त्यापेक्षा खड्डा मोठा आणि पंप बेताचा ठेवा. बहुतेक घरांना अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपासचा पंप पुरतो.

प्रकार दोन. पाण्यात बुडणारा पंप आवाज कमी करतो, झाकणाखाली राहतो आणि पाण्यानेच थंड होतो. उभ्या दांड्यावरच्या पंपाची मोटर पाण्याबाहेर असते, दुरुस्ती सोपी जाते आणि अरुंद खड्ड्यात तो बसतो. पण पाणी कोब्यावर चढलं तर त्याच्या मोटरलाच धोका. मी बुडणारा, बिडाच्या कवचाचा घेतला, कारण बीड उष्णता लवकर बाहेर टाकतं. बोअरवेलचा लांब नळकांड्यासारखा पंप इथे वापरू नका. त्याला खोल आणि स्वच्छ पाणी लागतं. खड्ड्यातला गाळ तो सहन करत नाही.

७. फ्लोट

पंप बिघडला असं म्हणून जे काढले जातात, त्यांतल्या कितीतरी पंपांत मोटर ठीक असते आणि फ्लोट अडकलेला असतो. वायरला लोंबणाऱ्या फ्लोटला फिरायला मोकळी जागा लागते. पिंपाच्या भिंतीला किंवा पंपाच्याच वायरला तो टेकला की संपलं. अरुंद खड्ड्यात दांडीवर वर-खाली सरकणारा उभा फ्लोट घ्या.

चालू होण्याची पातळी आत येणाऱ्या पाईपाच्या तोंडाखाली आणि कोब्याच्या निदान १५ सेंमी खाली ठेवा. बंद होण्याची पातळी अशी, की पंप हवा ओढणार नाही. पण फार खाली नेऊ नका. नव्या माणसाला वाटतं खड्डा जितका कोरडा तितकं चांगलं. तसं केलं तर पंप सगळ्या परिसराचं भूजल उपसत बसतो आणि थांबतच नाही. आपल्याला जमीन कोरडी करायची नाही, पाणी फक्त कोब्याखाली ठेवायचं आहे.

८. पाईप, एनआरव्ही आणि एक छोटं छिद्र

पंप थेट गाळावर ठेवू नका. खाली सपाट फरशी किंवा वीट द्या. त्याच्या तोंडापेक्षा लहान पाईप कुठेही वापरू नका. काटकोनी एल्बोऐवजी शक्य तिथे ४५ अंशांचे दोन बेंड घाला.

एनआरव्हीवर बाण असतो. तो पाणी जाण्याच्या दिशेने, म्हणजे वर. व्हॉल्व्ह खड्ड्याच्या वर, हात पोचेल अशा जागी बसवा आणि शेजारी युनियन द्या, म्हणजे पुढे पाईप न कापता पंप काढता येईल. हा व्हॉल्व्ह नसेल तर पंप बंद होताच पाईपातलं सगळं पाणी परत खड्ड्यात पडतं आणि तेच पाणी पंप पुन्हा पुन्हा उचलतो.

आता ते छिद्र. पंप आणि एनआरव्ही यांच्यामधल्या पाईपला, झाकणाच्या खाली, ३ ते ५ मिमीचं छिद्र खाली तिरकं पाडा. पंपाच्या पोटात अडकलेली हवा त्यातून निघून जाते. छिद्र नसेल तर मोटर फिरते, आवाज येतो, पण पाणी चढत नाही. पंप चालू असताना या छिद्रातून खड्ड्यात चिळकांडी उडते ती गळती नव्हे, ती बुजवू नका. काही पंपांच्या अंगातच अशी सोय असते, तेव्हा आधी पुस्तिका पाहा.

पाईप भिंतीला क्लॅम्पने बांधा. भिंतीतून तो जिथे बाहेर पडतो तिथे सांध्याभोवती सीलंट भरा.

९. पाणी सोडायचं कुठे

पायापासून निदान तीन मीटर दूर आणि घरापासून उलट्या उतारावर. जवळच सोडलं तर तेच पाणी मुरून पुन्हा खड्ड्यात येतं. शंका आली तर बाहेरच्या तोंडाशी थोडा खाण्याचा रंग टाका आणि खड्ड्यात रंग उमटतो का ते पाहा. सांडपाण्याच्या गटारात जोडू नका. बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा आहे, आणि जोरदार पावसात भरलेलं गटार उलटं तुमच्याच घरात येऊ शकतं. शेजाऱ्याच्या कुंपणाकडेही तोंड करू नका. कडाक्याची थंडी पडते तिथे बाहेरच्या पाईपाला पूर्ण उतार द्या. साचलेलं पाणी गोठलं तर पाईप बंद होतो.

१०. वीज

पंपाला स्वतंत्र सर्किट, योग्य एमसीबी (जादा प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग हवं. सॉकेट आजवर चढलेल्या पाण्याच्या बरंच वर. एक्स्टेंशन बोर्ड नको. पंप वायरला धरून कधीच उचलू नका. वायरच्या बुडाशी पाणी शिरतं आणि ते दिसत नाही.

आरसीसीबी पडला आणि कुणाला कळलं नाही तर पंप गप्प राहतो. म्हणून भोंगा वेगळ्या बॅटरीवर असू द्या आणि तो फ्लोटच्या चालू पातळीच्या थोडा वर लावा.

मोठा पाऊस आणि वीज जाणं बहुतेकदा एकत्रच येतात. इन्व्हर्टर घेताना मोटरचा सुरुवातीचा झटका तो झेलेल का हे विचारा. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात, पण तिची निम्मीच शक्ती वापरणं बरं. पंप ६०० वॉट घेत असेल तर इन्व्हर्टरमधली घट धरून सलग सव्वा तास मिळेल. पंप एकूण वेळेच्या चौथा हिस्साच चालत असेल तर पाच तास. तुमच्याकडे वीज किती वेळ जाते त्यावरून ठरवा. दुसरा छोटा बॅटरीवरचा पंप थोडा वरच्या पातळीला बसवणं मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण मुख्य पंप बिघडला तरी तो असतोच. इंजिनवरचा जनरेटर किंवा पंप मात्र तळघरात कधीही चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

११. चाचणी आणि झाकण

बादल्यांनी खड्डा भरा. फ्लोट मोकळा वर येतो का, पंप ठरलेल्या पातळीला चालू आणि बंद होतो का, बंद झाल्यावर एनआरव्ही परत येणारं पाणी थांबवतो का, बाहेर पाणी पूर्ण धारेने पडतं का, सांधे कोरडे आहेत का, हे पाहा. असं पाच वेळा करा, एकदा नव्हे. मग मेन बंद करून बॅटरीवर एकदा.

झाकण स्क्रूने आवळा. मूल पाय घालून पडू शकतं, आणि उघड्या खड्ड्याची वाफ तळघरात फिरते. जमिनीतून रेडॉन हा घातक किरणोत्सारी वायू येतो अशा प्रदेशात झाकण हवाबंदच हवं.

१२. पुढे काय पाहत राहायचं

दर तीन महिन्यांनी एक-दोन बादल्या पाणी ओतून पंप चालवून पाहा. पावसाच्या तोंडावर प्लग काढून पंप बाहेर घ्या, जाळी धुवा, छिद्र साफ करा. खड्ड्यात नारिंगी बुळबुळीत थर दिसला तर ते लोहजीवाणू आहेत. ते फ्लोट आणि जाळी चिकटवतात, सफाई जास्त वेळा करावी लागते. तळाशी बारीक रेती पुन्हा पुन्हा जमत असेल तर ती फक्त काढून टाकू नका. कापड फाटलंय का ते शोधा. पंप साधारण सात ते दहा वर्षं टिकतो. भरपूर चालला असेल तर तो बंद पडायची वाट न पाहता बदला.

आणि सगळं करूनही एखाद्या रात्री तळघर भरलंच, तर पाण्यात पाय ठेवू नका. कोरड्या जागी उभं राहून मेन बंद करता येत असेल तरच करा, नाहीतर वीज कंपनीकडून पुरवठा तोडून घ्या. नंतर उपसतानाही घाई नको. बाहेरची जमीन चिंब असताना आतलं पाणी एकदम काढलं तर बाहेरच्या दाबाने भिंत आत येऊ शकते. फूटभर उपसा, भिंतीवर खूण करा, रात्र जाऊ द्या. सकाळी पातळी खुणेच्या वर चढलेली दिसली तर बाहेरचं पाणी अजून उतरलेलं नाही. त्या दिवशी पंप बंदच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खूण पाहा.